युद्धातून उरलेली बिनतारी यंत्रे : पारख आणि उपयोग



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, त्याने किमान वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे. लष्कराच्या जुन्या बिनतारी यंत्रांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. आपल्या भागातला माणूस सिमेंटच्या भट्टीवर काम करतो, कोळशाच्या खाणीत उतरतो, अवजड यंत्रे सहज हाताळतो. पण त्या यंत्रांमागचे शास्त्र ‘शिकलेल्यांचे’ आहे, आपले काम फक्त बटण दाबण्याचे, अशी समजूत त्याच्या मनात खोल रुजलेली असते. माझीही ती होती. ती मोडली एका जुन्या लष्करी संचाने. मला जे थोडेफार विद्युत्‌शास्त्र येते, ते शाळेत नव्हे, त्या संचाचे झाकण उघडून आणि शेजारी पुस्तक ठेवून आलेले आहे.

दुसरा संबंध आपल्या प्रदेशाचा आहे. एका बाजूला माणिकगडचे डोंगर, दुसऱ्या बाजूला पैनगंगा आणि वर्धा. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धेच्या पुराने राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी वीज गेली आणि मनोऱ्यावरच्या बॅटऱ्या संपल्या, की हातातला मोबाइल म्हणजे नुसती काचेची पाटी. तेव्हा ज्याला मधल्या कोणत्याही कंपनीची, तारेची किंवा मनोऱ्याची गरज नाही, असे एकच साधन उरते. एका माणसाचे यंत्र, दुसऱ्या माणसाचे यंत्र, आणि मध्ये आकाश. यालाच हौशी बिनतारी म्हणतात. जगभर तिच्या उपासकांना ‘हॅम’ म्हणतात.

हौशी मंडळी आणि आपला देश

भारतात ही हौस शंभर वर्षांहून जुनी आहे. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना पहिला परवाना मिळाला. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने सर्व हौशी परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला. ज्या वस्तूने माणसे एकमेकांशी थेट बोलू शकतात, तिची सत्तेला किती धास्ती असते, हे त्यावरून कळते.

ती धास्ती अनाठायी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक उठली, पुढारी तुरुंगात गेले, आणि २७ ऑगस्टला मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आवाज होता उषा मेहता यांचा; त्यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. यंत्र उभारण्याच्या कामी नरीमन प्रिंटर या बिनतारीच्या जाणकाराचे साहाय्य झाले होते. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. त्या दिवशी पोलिसांनी धाड घातली. उषाबेन चार वर्षांची शिक्षा भोगावयास गेल्या. अडीच महिन्यांचे आयुष्य लाभलेल्या त्या केंद्राला ना राजाश्रय होता, ना मोठी इमारत. होती ती यंत्राची जाण आणि ती वापरण्याचे धैर्य.

युद्ध संपल्यावर उलटाच प्रकार झाला. जी यंत्रे सामान्य माणसाला जवळ बाळगण्याचीही बंदी होती, ती जगभर वजनाच्या भावाने विकावयास निघाली. रणगाड्यातील संच, विमानातील संच, सैनिकाच्या पाठीवरचे संच यांची सैन्याला गरज उरली नाही. इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळींनी ते उचलले. शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. बर्नार्ड लव्हेल यांनी डिसेंबर १९४५ मध्ये सैन्याची रडार-सामग्री जोड्रेल बँक येथे शेतात नेऊन उभी केली, आणि तेथून एक जगप्रसिद्ध वेधशाळा वाढली. जर्मन सैन्याच्या वुर्झबर्ग रडारची तबकडी हॉलंडमध्ये आकाशगंगेतील हायड्रोजनच्या लहरी ऐकण्यासाठी वापरण्यात आली. दुसऱ्याने टाकून दिलेल्या सामग्रीतून विज्ञान उभे राहते, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे काम संपलेल्या बत्तीस तबकड्या ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या आणि गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणजवळ त्या उभारून सूर्याचे निरीक्षण केले. त्या तबकड्या लष्करी नव्हत्या, पण दृष्टी तीच. जुन्नर तालुक्यातील खोडदची महादुर्बीण ही त्याच परंपरेतील पुढची पायरी आहे.

आपल्या हौशी मंडळींची पहिली संघटना कोठे निघाली असेल? सैन्याच्याच अंगणात. १५ मे १९४८ रोजी महू येथील स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. होळकरांच्या मुलखातील महू छावणी आपल्याला परकी नाही. सुभेदार रामजी यांच्या घरी १८९१ साली बाबासाहेब आंबेडकर जन्मले ते तेथेच. हा क्लब पुढे दिल्लीला गेला आणि १९५४ साली त्याने अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया हे नाव घेतले. परदेशी मालाच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते. नवा संच मिळणे दुरापास्त, मिळाला तर परवडणे अशक्य. म्हणून त्या पिढीचे शिक्षण बव्हंशी जुन्या बाजारातील युद्धोत्तर मालावर झाले.

ही यंत्रे कोणती

तीन नावे ध्यानात ठेवावीत. पहिले ‘वायरलेस सेट नंबर १९’. हा ब्रिटिश रणगाड्यांचा संच. पाठवणी आणि ग्रहण दोन्ही करतो. त्याचा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालतो. रशियाला पाठविण्यासाठी बनलेल्या संचांच्या दर्शनी पट्टीवर रशियन अक्षरेही आढळतात. दुसरे अमेरिकन विमानांतील ‘बीसी-३४८’. हे नुसते ग्राहक यंत्र, १८ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारे. तिसरे ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांतील ‘आर-११५५’, तेही ग्राहक यंत्रच.

आता हौशी मंडळींना नेमून दिलेल्या पट्ट्यांपैकी एक ७ मेगाहर्ट्झपासून ७.२ पर्यंत आहे, दुसरी १४ पासून १४.३५ पर्यंत. वरील आकड्यांशी ताडून पाहा. नंबर १९ मध्ये पहिली पट्टी बसते, बीसी-३४८ मध्ये दोन्ही बसतात. म्हणजे आतली कॉइल न बदलता ही यंत्रे कामाची आहेत. शिवाय ती धक्के, धूळ आणि पाऊस सोसण्यासाठी बनलेली. सुटे भाग मोठे, डोळ्यांना दिसणारे आणि डाग देऊन बदलता येण्याजोगे. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. आजच्या यंत्रात सगळे एका काळ्या चकतीत बंद असते. तिथे पाहून शिकण्यासारखे थोडेच उरते.

विजेला जोडण्यापूर्वी

जुना संच घरी आला की पहिला मोह होतो तो त्याला वीज देऊन पाहण्याचा. तो आवरावा. ही गोष्ट मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. माझ्या पहिल्या संचाच्या पाटीवर ‘११५ व्होल्ट’ असे वाचले, २३० चे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि बटण दाबले. अर्ध्या मिनिटात धूर! पाटीवर पुढे ‘४०० सायकल्स’ असेही लिहिले होते; ते मी वाचलेच नव्हते. विमानात वजन वाचविण्यासाठी सेकंदाला ४०० आवर्तनांची वीज वापरीत, म्हणून त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड थोडे असते. आपली वीज ५० आवर्तनांची. तेवढ्याच दाबाला ती त्या लोखंडात आठपट चुंबकत्व मागते. लोखंड ते देऊ शकत नाही, प्रवाह बेसुमार वाढतो आणि गुंडाळी जळते. करारनाम्याची शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करू नका, असे कामगारांना सांगत फिरणारा मी. पण पाटीची शेवटची ओळ मीच वाचली नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम पाटी पूर्ण वाचा आणि त्या नमुन्याचा विद्युत्‌-नकाशा मिळवा. संच १२ व्होल्टचा आहे, २४ चा की २८ चा, हे पाहा. वाहनांतील व विमानांतील संचांत बॅटरीवर फिरणारे एक छोटे यंत्र असते; ते कमी दाबाच्या विजेतून शेकडो व्होल्ट तयार करते. ते काढून त्याजागी घरच्या विजेवर चालणारा वेगळा पुरवठा बांधणे बहुधा सोयीचे पडते.

नंतर नुसते डोळ्यांनी पाहा. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, कडक होऊन भुगा झालेले रबर, ओघळलेले मेण, गंज. व्हॉल्व्हच्या काचेत आतल्या बाजूस चंदेरी लेप असतो. तो चंदेरी असेल तर ठीक. पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह मेला असे समजावे. अंधारात चमकण्यासाठी जुन्या तबकड्यांवर कित्येकदा रेडियमचा रंग लावलेला असे. चमक गेली तरी रेडियम राहते. तो खरवडू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. काही जुन्या कंडेन्सरांतील तेल विषारी असते. अलीकडच्या ट्रान्झिस्टर संचात शक्तिशाली ट्रान्झिस्टरखाली पांढरी चिनी मातीसारखी चकती दिसते. ती बेरिलियमची असू शकते. ती फोडू वा घासू नये, कारण तिचा धुरळा फुप्फुसांचा नाश करतो. भंगार फोडणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

मग मल्टिमीटर घ्या. उच्च दाबाची रेषा आणि सांगाडा यांच्यात शॉर्ट आहे का, हे तपासा. मेणकागदाचे कंडेन्सर इतक्या वर्षांनी गळतातच. त्यांतही शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीकडे जाणारा कंडेन्सर सर्वांत घातक. तो गळला की जाळीवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जातो. पन्नास रुपयांचा नवा कंडेन्सर आधीच बसविला तर पुढचा सारा अनर्थ टळतो. कार्बनच्या रोधांची किंमत वाढत गेलेली असते. नकाशातील आकड्याशी ती ताडून पाहावी.

पहिली वीज

आपल्या प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो. यंत्राच्या वाटेत एक साठ वॅटचा तारेचा दिवा जोडलेला. तोच येथे राखणदार. यंत्रात शॉर्ट असेल तर दिवा लखलखतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो, यंत्र वाचते. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांना दाब हळूहळू, काही तास लावून वाढवीत द्यावा. एकदम दिला तर ते फुटतात.

येथे जिवाची गोष्ट सांगतो. व्हॉल्व्हच्या संचात दोनशेपासून पाचशे व्होल्टपर्यंत, पाठवणीच्या मोठ्या संचात त्याहूनही अधिक दाब असतो. आणि वीज बंद केली म्हणजे तो जातो असे नाही. कंडेन्सर तो साठवून धरतो. वायर भिंतीतून काढली आहे, आता कशाची भीती, असे म्हणून मी एकदा हात घातला आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळलो. तेव्हापासून नियम पाळतो. बंद केल्यावर थांबायचे, रोध जोडून कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरने शून्य पाहायचे, मग हात लावायचा. चालू यंत्रावर मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे विजेला छातीतून जाण्यास वाट मिळत नाही. आणि एकट्याने कधीच काम करायचे नाही. कारखान्यात सुरक्षेसाठी भांडणाऱ्याने घरी ती विसरून चालत नाही.

ग्राहक यंत्र तपासताना शेवटाकडून सुरुवातीकडे यावे. आधी कर्णा, मग ध्वनीचा भाग, मग मधल्या लहरींचा, शेवटी एरिअलकडचा. जेथे आवाज थांबतो तेथे दोष. लहरींचा आकडा बरोबर दाखवतो का, हे पाहण्यासाठी प्रमाणवेळेची केंद्रे उपयोगी पडतात. चीनचे बीपीएम १० मेगाहर्ट्झवर ऐकू येते. युद्धकाळात यासाठीच ‘बीसी-२२१’ हे मापक यंत्र होते. प्रत्येक यंत्राबरोबर त्याच्याच मापांची स्वतंत्र वही असे. ती वही हरवलेली नसेल तर यंत्राची किंमत दुप्पट समजावी.

आजकाल हौशी मंडळी बहुधा एकपार्श्व पद्धतीने बोलतात. जुन्या संचावर तो आवाज बदकासारखा येतो. घाबरू नये. मोर्ससाठी दिलेला ‘बीएफओ’ चालू करावा, आपोआप आवाज सांभाळणारी योजना बंद करावी, एरिअलकडची ताकद कमी करून तबकडी केसाएवढी फिरवावी. बदकाचा माणूस होतो, आणि तो क्षण ऐकण्यासारखा असतो.

पाठवणी

पाठवणीचा संच पहिल्या दिवशी एरिअलला जोडू नये. त्याच्या तोंडाशी पन्नास ओहमचा खोटा भार लावावा. त्यावर २५ व्होल्ट दिसले तर २५ गुणिले २५ भागिले ५०, म्हणजे साडेबारा वॅट शक्ती निघते. मग दुसऱ्या यंत्रावर स्वतःलाच ऐकावे. लहर सरकते का? ७ मेगाहर्ट्झवर पाठविताना १४ वर आणि २१ वर तिची पिल्ले ऐकू येतात का? येत असतील तर गाळणी बसविल्याशिवाय एरिअल जोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात आपले पाणी सोडणे होय.

एरिअल मात्र अगदी गरिबाच्या आवाक्यातले. १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे, उत्तर मीटरमध्ये येते. ७.१ साठी सुमारे वीस मीटर. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा दहा मीटर तांब्याची तार. विजेच्या तारांपासून ती दूर बांधावी. वैशाखाच्या वळवात ढग गडगडू लागले की ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. अशी तार जमिनीपासून फार उंच नसली, तर दिवसा ७ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर जाते आणि वातावरणातील विद्युत्‌भारित थरावर आपटून छत्रीसारखी खाली पसरते. डोंगराआडचे गाव, नदीपलीकडचे गाव, नागपूर, हैदराबाद, सर्व त्या छत्रीखाली येतात. माणिकगडचा डोंगर तिला अडवीत नाही.

कायदा आणि कागद

आता जी गोष्ट मी सर्वांत ठासून सांगणार आहे ती. परवान्याशिवाय पाठवणी करणे गुन्हा आहे. १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हीदेखील सरकारी परवानगीची बाब राहिली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही अधिकृत मान्यतेचे तत्त्व सोडलेले नाही. आपला जंगलाचा मुलूख कोणत्या दिवसांतून गेला आहे, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. येथे एखाद्या पोराच्या घरी हिरव्या रंगाचा लष्करी संच सापडला, तर त्याची हौस कोणी विचारणार नाही, कागद विचारतील. म्हणून माल सरकारी लिलावातून किंवा पावती देणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावा, पावती जपावी, आणि आधी परीक्षा द्यावी. परीक्षा केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलीला ती देता येते. पदवी लागत नाही. थोडे विद्युत्‌शास्त्र, नियमांची माहिती, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्स. फिटरच्या मुलीला आणि प्राध्यापकाच्या मुलाला प्रश्न तेच असतात. मला या परीक्षेत सर्वांत आवडलेली गोष्ट ती.

हे शिकून उपयोग काय, असे कोणी विचारील. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेखातर पोर्ट ब्लेअरला यंत्रे घेऊन गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. तारा तुटल्या, फोन बंद झाले, आणि त्या हौशी मंडळींच्या यंत्रांवरून अंदमानातील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. आदल्या आठवड्यापर्यंत तो खेळ होता. खेळ म्हणून जे हाताला सवयीचे झाले होते, तेच संकटात कामी आले. संकट आल्यावर शिकावयास बसणाऱ्याला ते जमले नसते.

महायुद्धातील संच आता क्वचित मिळतात, आणि मिळाले तरी ते जपण्याच्या मोलाचे आहेत. नव्याने सुरू करणाऱ्याने चांगला आधुनिक संच घेतला तरी माझी तक्रार नाही. पण पारखीची रीत तीच राहते. पाटी पूर्ण वाचणे, घाई न करणे, खोट्या भारावर तपासणे, दुसऱ्याच्या लहरीत न घुसणे. माझी विनंती एवढीच की पुढच्या वसंतापर्यंत गडचांदुरातून निदान दोघांनी परीक्षेला बसावे. त्यांतली एक मुलगी असावी. पुस्तके मी देईन, जुने ग्राहक यंत्र शिकण्यासाठी देईन, आणि सिरीज बोर्डही देईन. वर्धेला पुन्हा पूर येईल तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर एकेक माणूस बोलणारा असला, तर आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.